उदगीरच्या घरचा गीझर: पाणी कोमटच का येते?

प्रेषक: डॅलस येथील सभासद
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

सर्वांना सप्रेम नमस्कार.

माझे सासू-सासरे उदगीरला राहतात. त्यांच्याकडे २५ लिटरचा विजेचा गीझर असून त्याची कॉइल २००० वॅटची आहे. मागील हिवाळ्यापर्यंत त्यात दोघांच्या आंघोळी व्यवस्थित होत असत. आता पाणी इतके कोमट येते की पहिल्या बादलीलाही विसण लागत नाही. सासूबाईंना संधिवात असल्यामुळे त्यांना गरम पाणी लागतेच, म्हणून त्या पुन्हा गॅसवर पातेल्यात पाणी तापवू लागल्या आहेत. कढत पाण्याचे ते पातेले न्हाणीघरापर्यंत नेताना त्यांचा तोल गेला तर काय, या काळजीने आम्हाला येथे चैन पडत नाही.

आमच्या येथील ५० गॅलनच्या, म्हणजे सुमारे १९० लिटरच्या टाकीत वर एक आणि खाली एक अशा दोन कॉइल असतात. खालची निकामी झाली की आंघोळ अर्ध्यावर असतानाच पाणी गार होते. उदगीरलाही तसेच झाले असावे, असा माझा अंदाज आहे. दुकानदार मात्र ५० लिटरचा नवा गीझर घ्या म्हणतो. पाणी बोअरचे आहे. पहाटे दिवे मंद जळतात, असेही सासरे सांगतात. कृपया मार्गदर्शन करावे.

---

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, सध्या मुक्काम लातूर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचले. नवा गीझर घेण्याची घाई कृपया करू नये. टाकी मोठी आणि कॉइल तेवढीच राहिली, तर पाणी तापायला उलट अधिक वेळ लागेल.

आपल्याकडच्या या आकाराच्या गीझरमध्ये बहुधा एकच कॉइल असते. ती जळाली असती तर पाणी गारच आले असते. ज्या अर्थी कोमट येते, त्या अर्थी कॉइल चालू आहे. आता पाहायचे ते एवढेच, की टाकीत पाणी पुरेसे तापत नाही, की तापलेल्या पाण्यात वाटेत कोठे गार पाणी मिसळते? हे ठरल्याशिवाय कोणालाही गीझरला पाना लावू देऊ नये.

मिसळण्याची शंका आधी फेडून घ्यावी, कारण तिला काहीही खर्च नाही. गीझरचे बटण बंद करून त्यात गार पाणी जाणाऱ्या पाइपावरचा कॉक पूर्ण बंद करावा आणि गरम पाण्याची तोटी उघडावी. धार थोड्याच वेळात थांबली पाहिजे. ती वाहतच राहिली, तर शॉवरच्या किंवा बेसिनच्या मिक्सरमधून गार पाणी गरम पाण्याच्या लाइनीत शिरत आहे, असे समजावे. मिक्सरच्या दोन्ही तोट्या उघड्या ठेवून पाणी केवळ हँडशॉवरच्या बटणावर बंद करण्याची सवय असेल, तरीही हेच घडते. नुकतीच प्लंबिंगची कामे झाली असतील, तर निळ्या खुणेचा आणि लाल खुणेचा पाइप अदलाबदल होऊन जोडलेला नाही ना, हेही पाहून घ्यावे.

धार थांबली तर दोष टाकीत किंवा विजेत आहे. त्यासाठी गीझरचा दिवा पाहावा. तासभर होऊनही तो विझत नसेल, तर वीज कमी पडते, आणि पहाटेच्या मंद दिव्यांमुळे माझे लक्ष प्रथम तिकडेच जाते. कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टला २००० वॅट देणारी कॉइल १८० व्होल्टला जेमतेम १२२५ वॅट देते. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास पूर्ण व्होल्टेज असताना सुमारे ३५ मिनिटे लागतात, १८० व्होल्टला तेच काम जवळजवळ तासावर जाते. वीज वाचावी म्हणून घरची वडीलधारी माणसे वीस मिनिटांत बटण बंद करत असतील, तर एवढ्या वेळात पाणी फार तर ३४ अंशांपर्यंत पोहोचेल. त्यांना घड्याळाकडे न पाहता दिवा विझेपर्यंत थांबण्यास सांगावे. वायरमनकडून पहाटेच्याच वेळी, गीझर चालू असताना, व्होल्टेज मोजून घ्यावे.

याउलट दिवा लवकर विझत असेल आणि पाणी तरीही कोमट असेल, तर तो बोअरच्या क्षारांचा परिणाम असू शकतो. आपल्या भागातील बेसॉल्ट खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुरलेले असते. पाणी तापले की त्यातील कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवर बसू लागते. त्याचे पांढरट-पिवळे कवच बोटाने चुरगळत नाही, ठोकल्यावर खपल्या निघतात. या कवचामुळे कॉइलची शक्ती फारशी घटत नाही, पण उष्णता तेथेच कोंडते, शेजारच्या नळीतील थर्मोस्टॅट वेळेआधी तापतो आणि वीज तोडतो. असेच चालू राहिले तर शेवटी कॉइलही जळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतात. आपल्या बोअरचे पाणी एकदा तपासून घ्यावे. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवावा, कारण त्याहून अधिक तापमानाला क्षार झपाट्याने साचतात.

टाकी उघडण्याचे काम मेकॅनिककडेच द्यावे. त्यापूर्वी एमसीबी पाडून ठेवावा आणि त्याच भेटीत अर्थिंग तपासून घ्यावे. छतावरची टाकी रिकामी असताना गीझर चालू करू नये, हे घरी निक्षून सांगावे. पाइपातील सुरुवातीचे गार पाणी बादलीतच धरावे, ते विसणाला उपयोगी पडेल. २०१६ साली आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हापासून ते मोरीत सोडून देणे मला बघवत नाही.

आणि पातेल्याचे काम तूर्त सासऱ्यांनी किंवा शेजारच्या कोणी तरुणाने करावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

---

प्रेषक: डॅलस येथील सभासद

आदरणीय काका, सादर नमस्कार.

सासऱ्यांनी कॉक बंद करून पाहिला. धार थांबली. दिवाही थोड्याच वेळात विझतो. त्यानंतर मेकॅनिकने टाकी उघडली, तेव्हा कॉइल आणि थर्मोस्टॅटची नळी एकाच कवचात बुजलेली निघाली, आणि टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेल्या, स्वतः झिजत जाणाऱ्या मॅग्नेशियमच्या रॉडची तर केवळ मधली तार शिल्लक होती. सफाई झाली असून पाणी पुन्हा कढत येत आहे. सासूबाईंनी पातेले माळ्यावर ठेवून दिले. आता नवा रॉड कसा निवडावा?

---

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, सध्या मुक्काम लातूर

फार बरे वाटले. जुन्या रॉडचे जे काही उरले असेल ते सोबत घेऊन जावे, कारण आट्यांचा आकार जुळला नाही तर तेथून गळती लागते. लांबी गीझरच्या माहितीपत्रकात सापडेल. बोअरचेच पाणी चालू राहणार असल्यामुळे हा रॉड आणि कॉइल दरवर्षी दिवाळीच्या सुमारास, थंडी सुरू होण्याआधी, उघडून पाहावेत.