मदत हवी आहे: मागे लॉक असलेली पिकअप डांबरी रस्त्यावर रोज चालवावी का?

कातळावरचा
मंडळी, जरा लवकर सांगा, परवा माल घेऊन कोल्हापूरला जायचंय. गाडीला मागे डिफ लॉक आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारा. वळणावर मागून कट् कट् आवाज येतो. घाटात पाऊस असला की मागची बाजू सरकते. आणि सरळ रस्त्यालासुद्धा गाडी उजवीकडे ओढते, सतत स्टिअरिंग धरून बसावं लागतं. अलाइनमेंट करून झालं, तो म्हणतो सगळं ओके. चिऱ्याच्या खाणीवर मात्र गाडी वाघ आहे, लाल चिखलात बाकीचे अडकतात आणि मी निघून येतो. असा लॉक रोजच्या रस्त्याला चालतो की नाही? नुसतं हो-नाही सांगितलंत तरी पुरे. व्हिडिओच्या लिंक देऊ नका, सगळे वाळवंटातले आहेत.

आजोळ मालवण
अरे पण गाडी खयची, लॉक खयचो, ता काय्येक सांगूक नाय आणि हो की नाय इचारतंस! डॉक्टराक फोन करून "दुखता, गोळी सांगा" म्हटल्यासारा झाला ह्या. आदी नीट सांग, मगे बगूया.

डंपरवाला
एवढं काय त्यात, लॉकचं बटण बंद करा. आमच्या सहा बाय चारच्या टिपरला दोन लॉक असतात. एक दोन आसांच्या मधला, दुसरा एकाच आसाच्या दोन चाकांमधला. चिखलात चाक फिरायला लागलं की गाडी उभी करायची, बटण दाबायचं, दिवा लागला की पहिल्या गिअरात सरळ बाहेर यायचं, आणि पक्क्यावर आलो की लगेच बंद. दिवा पेटलेला ठेवून डांबरावर वळवली तर टायर खरवडतात आणि एक दिवस एक्सल जातो. नवीन पोरं विसरतात आणि मालकाच्या शिव्या खातात.

कातळावरचा
बटण नाही. दिवाही नाही. लिव्हर आहे ती ४ बाय ४ ची, ती २ एच वरच असते, म्हणजे फक्त मागची चाकं ओढतात. गाडी सेकंडहँड, डिझेल. कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही, लॉक कंपनीचा नाहीच. घाटावरच्या एका हौशी माणसाने बाहेरून बसवला होता, त्याच्याकडून गाडी घेतली. आता सांगा.

चाकरमानी_ठाणे
भाऊ, सरळ विका आणि थार घ्या. २०२० नंतरच्या थारच्या काही व्हेरियंटना मागे आपोआप लागणारा लॉक येतो. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं उघडतात आणि लॉक बसतो. वेग तिशीच्या पुढे असेल तर बसतच नाही. म्हणजे हायवेला तुम्हाला कळतसुद्धा नाही की गाडीत लॉक आहे. नाहीतर फोर्सची गुरखा घ्या, तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक, आणि दोन्ही ड्रायव्हरच्या हातात. मी गणपतीला थारनेच येतो. मागच्या वर्षी वडखळपासून माणगावपर्यंत जी काय रांग होती...

कातळावरचा
थारमध्ये चिरे कुठे भरू? डिकीत?

चाकरमानी_ठाणे
ट्रॉली लावा.

नियमावली
एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरने बाहेरून बसवलेला लॉक पाहिला तर क्लेमला फाटे फुटतील.

डंपरवाला
साहेब, हौसिंग, म्हणजे मागच्या आसाचं लोखंडी कवच, खोलल्याशिवाय आतलं काय दिसतंय? आणि इथे अर्ध्या तालुक्याच्या गाड्यांना स्प्रिंगची पानं वाढवलेली आहेत. आधी त्यांना पकडा.

नियमावली
दिसत नाही म्हणून नियम बदलत नाही.

घाटमाथा
परवा कोणत्या घाटाने चढणार आहात? राजापूरकडचे असाल तर अणुस्कुरा धरणार. माझं ऐका, पावसात तो नको. पाण्याचे पाट वाहत असतात, दगड खाली आलेले असतात. आंबा घाटाने जा, लांब पडला तरी रहदारी असते, काही झालं तर माणूस भेटतो. तळेऱ्याहून करूळने जाणार असाल तर रस्ता चालू आहे का ते आधी विचारून घ्या.

आजोळ मालवण
फोंडो सगळ्यात बरो. वडे खाऊन वर जावचा.

शाफ्ट तुटला
घाटाचं राहू द्या. बटण नाही, केबल नाही, हवेची नळी नाही, म्हणजे आत डिफ्रेन्सलच्या छोट्या दातेरी चाकांना, स्टार गिअरना, वेल्डिंग मारलेलं आहे. शंभर टक्के. ट्रॅकवर पळवणारी पोरं हेच करतात, फुकटात होतं. अशी गाडी रस्त्यावर एक दिवससुद्धा चालवू नका. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, आतल्याला कमी. डिफ्रेन्सल असतो तोच मुळी त्यासाठी. वेल्ड मारलं की दोन्ही चाकं एकाच फेऱ्यात बांधली जातात, मग एक टायर घासणार नाहीतर शाफ्ट पिळणार. माझा तुटला तेव्हा मी खारेपाटणच्या पुलाजवळ होतो. हौसिंग खोला, सगळं कंपनीचं साधं बसवा, विषय संपला.

सुरंगी
वेल्ड असतं तर कट् कट् वाजलं नसतं. टायर चीं चीं करून ओरडले असते आणि वळणावर गाडी सरळच जाऊ बघितली असती. कट् कट् म्हणजे बहुतेक आपोआप सुटणारा-लागणारा दातांचा लॉक. पण अंदाजावर भांडण्यापेक्षा तपासून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

सपाट जागा बघा, खाणीतली नको. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. मागची दोन्ही चाकं उचला आणि आसाखाली घोड्या (लोखंडी स्टँड) द्या, नुसत्या जॅकवर काही करू नका. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरात, हँडब्रेक सोडलेला, लिव्हर २ एच वर. आता एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक उलटं फिरलं तर डिफ्रेन्सल साधा आहे, तुम्हाला लॉक म्हणून टोपी घातली. थोडी ढिलाई सोडून कुठलंच चाक हललं नाही तर वेल्ड असू शकतं. पण तिथेच थांबू नका. एकाला एक चाक पुढच्या दिशेने अडेपर्यंत फिरवून घट्ट धरायला सांगा आणि तुम्ही दुसरं चाक मागच्या दिशेने फिरवा. ते कट् कट् करत सुटं फिरलं तर आपोआप लॉक. इंजिन चालू करून, एकच चाक उचलून हा प्रयोग कोणी करू नये. जमिनीवरचं चाक गाडी घोडीवरून ढकलून देतं.

आणि मागचे दोन टायर कसे आहेत ते लिहा. कंपनी, साईज, किती झिजलेत, हवा किती. हे अजून कोणी विचारलंच नाही.

शाफ्ट तुटला
ताई, वीस वर्षं गाड्या चालवतोय. वेल्डच आहे.

सुरंगी
मग त्यांना चाक फिरवू द्या की.

चाकरमानी_ठाणे
इतका खटाटोप कशाला, घाटात पाऊस असेल तर ४ एच टाका, चारही चाकं ओढतील, मागची सरकणार नाही. मी तेच करतो.

डंपरवाला
ओला घाट म्हणजे चिखल नव्हे. आणि मध्येच कोरडा पट्टा लागला की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना पिळत बसतात, कारण असल्या गाड्यांत मध्ये डिफ्रेन्सल नसतो. लिव्हर मग निघता निघत नाही, रिव्हर्स मारून सोडवावी लागते.

कातळावरचा
केलं. भाच्याला घेऊन सकाळीच केलं. एक चाक धरून दुसरं मागे फिरवलं, कट् कट् करत सुटं फिरलं. म्हणजे सुरंगीताई म्हणतात तो. वेल्ड नाही.

टायर: साईज दोन्हीकडे तीच. डावा नवा आहे, मे महिन्यात खाणीत चिऱ्याच्या धारेने जुना फाटला म्हणून एकच घेतला. उजवा जुना पण गोटा झालेला नाही, अजून पावसाळा काढेल. एकदम दोन कोण घेतं? हवा पंपावरचा पोरगा बघतो.

सुरंगी
तेच असणार. आता आकडे बघा. नव्या टायरची खाच ९ मिमी आणि जुन्याची ३ धरली तर त्रिज्येत ६ मिमीचा फरक, म्हणजे परिघात साधारण ३८. पिकअपच्या टायरचा परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला साडेचारशेच्या जवळपास फेरे. त्यात उजवं चाक दर किलोमीटरला सात-आठ फेरे जास्त मारतंय. सरळ रस्त्यावर! साध्या डिफ्रेन्सलला त्याचं काही वाटत नाही, तो निमूट जुळवून घेतो. तुमच्या लॉकच्या हिशेबी गाडी राजापूरपासून कोल्हापूरपर्यंत वळतच असते.

हा लॉक चाकाला क्राऊनपेक्षा (इंजिनची ताकद आसाला देणारं मोठं दातेरी चाक) जोरात फिरू देतो, हळू फिरू देत नाही. गॅस दिला की जोरात फिरणारं लहान चाक सुटतं आणि सगळी ताकद मोठ्या टायरला, म्हणजे डाव्याला जाते. डावीकडून ढकललं की नाक उजवीकडे जाणारच. अलाइनमेंटवाला पुढची चाकं बघतो, त्याला हे कुठून दिसणार?

शाफ्ट तुटला
उलट आहे. लहान टायर जोरात फिरतो म्हणजे तोच ओढतो.

सुरंगी
तो जोरात फिरतो म्हणूनच सुटतो. वळणावर पण असंच होतं. बाहेरचं चाक जोरात, ते सुटून कट् कट् करतं, आतलं ओढतं. बाहेरचं सुटलं नसतं तर कट् कट् कशाचं आलं असतं?

आजोळ मालवण
शाफ्टभाऊ, आता हौसिंग बंद करा.

घाटमाथा
मग घाटात सरकते ती कशाने? टायर बदलले की थांबेल?

सुरंगी
पूर्ण नाही. साध्या डिफ्रेन्सलमध्ये गॅस जास्त झाला तर एक चाक फिरतं, दुसरं रस्ता धरून मागची बाजू सांभाळतं. लॉक बसलेला असला की दोन्ही एकदम सुटतात, मग गाडी रस्त्याच्या उताराकडे सरकते. मृगाच्या पावसात डांबरावर तेलकट थर असतो, पुढे शेवाळ धरतं, त्यात रिकामी पिकअप मागे हलकी. ओल्या नागमोडी वळणावर गिअर आणि वेग वळणाच्या आधीच ठरवायचा. मध्यावर गॅस सोडणं-दाबणं करायचं नाही, कारण लॉक सुटतो-बसतो तो नेमका त्या क्षणी आणि धक्का तिथेच लागतो. सवय झाली की रोज चालवता येते. पण गाडी दुसऱ्याच्या हातात देताना त्याला सांगून द्या.

डंपरवाला
हे पटलं. माझं मत तरीही बटणवाला लॉकच बरा. लागला की नाही हे ड्रायव्हरला कळलं पाहिजे, लॉकने परस्पर ठरवू नये.

नियमावली
आणि विमा कंपनीला कळवलं पाहिजे.

हापूस_पेटी
कोल्हापूरला जाताय तर परत येताना गाडी रिकामी असते का? मला तिथून खताच्या गोणी आणायच्या आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कातळावरचा
स्टेपनी काढून बघितली. तीसुद्धा उजव्याइतकीच झिजलेली आहे, कंपनी तीच. डावा नवा काढून स्टेपनीत टाकला, मागे दोन्ही जुने लावले. हवा स्वतः मापून सारखी केली. उजव्यात चांगलीच कमी होती, पंपावरच्या पोराला बोललो. लांजापर्यंत जाऊन आलो. ओढायची थांबली, स्टिअरिंग एका बोटावर. वळणावर कट् कट् आहे तसंच आहे.

सुरंगी
कट् कट् राहणार, तो त्याचा स्वभाव आहे. खडाड् असा मोठा आवाज आला तर मात्र थांबा आणि युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस बघा. हौसिंगच्या तेलाची पातळी बघून घ्या, ढवळलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. आणि नवा टायर स्टेपनीत आहे हे विसरू नका. मागे पंक्चर झालं तर तो पुढे लावायचा आणि पुढचा मागे घ्यायचा, पुढचे टायर मागच्यांइतकेच झिजलेले असतील तर.

कातळावरचा
भर पावसात दोन चाकं बदलू?

सुरंगी
मग नव्याला जोडीदार घ्या.

कातळावरचा
बघतो. आंबा घाटाने जातोय. हापूस_पेटी, गोणी किती आणि पोचवायच्या कुठे?