ऑगस्टअखेर आइसलँड: पफिन आणि ‘आर्क्टिक चार’ मासा कुठे पाहावा?

प्रश्न (सागरवेध):
ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही आइसलँडला जात आहोत. पफिन हे समुद्रपक्षी पाहण्यासाठी पश्चिमेकडील लाउत्राब्यार्गचा १४ किलोमीटर लांबीचा कडा गाठावा आणि परतताना थिंगवेल्लिर सरोवरात ‘आर्क्टिक चार’ (char) हा थंड पाण्यातला मासा पाहावा, असा बेत आहे. त्या दिवसांत एवढी वाट वाकडी करणे योग्य ठरेल का?

उत्तर (पाणकोंबडी):
केवळ पफिनसाठी तिकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिलमध्ये कड्यावर आलेले पफिन ऑगस्टच्या मध्यापासून समुद्राकडे परतू लागतात आणि महिनाअखेर बहुतेक बिळे ओस पडतात. त्याऐवजी दक्षिणेकडील हेमाएय बेटावर जावे. तेथे याच सुमारास पिल्ले रात्री बिळातून बाहेर पडतात, गावातील दिव्यांमुळे त्यांची दिशाभूल होते आणि ती रस्त्यांवर उतरतात. मुले त्यांना गोळा करून खोक्यात ठेवतात व दुसऱ्या दिवशी समुद्रावर सोडून देतात. सँड ईल हे छोटे मासे घटल्यामुळे या बेटांवर अनेक हंगाम पिल्ले फारशी जगली नव्हती, हे ठाऊक असले की त्या खोक्यांचे मोल कळते.

उत्तर (गोड्यापाण्याचा):
सरोवराचा बेत मात्र मुळीच रद्द करू नका. हिमयुगानंतर, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, येथे अडकलेल्या ‘आर्क्टिक चार’ माशाची याच एका सरोवरात चार रूपे झाली आहेत: तळाशी चरणारे मोठे, तळाशीच राहणारे खुजे, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खाणारे आणि इतर मासे खाणारे. खुजा चार काळपट असतो, लाव्हाच्या खडकांच्या फटींत राहतो व गोगलगायी खातो. त्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा पुढे आलेला असतो. प्लवक खाणाऱ्याचे तोंड मात्र टोकदार व थेट समोर असते. मोठा चार जुलै-ऑगस्टमध्ये थंड झऱ्यांजवळ अंडी घालतो, त्यामुळे काठालगतच्या पाण्यात तो दिसण्याची शक्यता आहे. गळ टाकायचा असल्यास परवाना लागतो आणि परदेशातून आणलेली वापरलेली साधने निर्जंतुक केलेली असावी लागतात.

उत्तर (पाणकोंबडी):
सरोवरावर ग्रेट नॉर्दर्न डायव्हर हा बुड्या मारणारा पाणपक्षीही पाहावा. तो गोड्या पाण्याकाठी घरटे करतो आणि हिवाळा समुद्रावर काढतो. त्याचे पाय शरीराच्या फार मागे असल्याने जमिनीवर तो जेमतेम सरपटतो, म्हणून घरटे अगदी पाण्याला लागून असते. पिल्ले सोबत असल्यास काठापासून दूर थांबून दुर्बिणीतूनच पाहावे.