विद्यापीठात नवीन आहे, ही कोल्हापुरी भाषा कळायला किती दिवस लागतात?

नाशिकहून शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला आलेय. काल सेमिनार दिला तर मागून एक पोरगा ओरडला 'विषय हार्ड!' मला वाटलं टॉपिक अवघड गेला, म्हणून परत समजवायला लागले तर सगळा वर्ग हसतोय. आणि रूममेट मुलगी असून 'मी आलो, मी जेवलो' म्हणते, हे काय?

↳ अगं ती दाद होती, सेमिनार लई भारी झाला तुझा. आणि आमच्याकडं पोरीबी आलो-गेलोच म्हणतात, आमची आज्जीसुद्धा. सेमिस्टर संपेपर्यंत तूपण म्हणशील बघ.

↳ 'नाद खुळा' पण कौतुकच हं. पण 'मापात' (म्हणजे हद्दीत राहा) म्हटलं की गप बसायचं, विषय कट.

↳ हे सगळं लेक्चरमध्ये नाही कळत, रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा, समोर म्हशीची धार काढून ग्लास हातात देतात, फेसासकट, तिथं पोरांच्या गप्पा ऐक. (मिसळीबरोबर पाव मागू नकोस, ब्रेडच येतो.)

↳ आणि कॅम्पसवर मोर ओरडले तर घाबरू नको, ते पण इथलेच 😄

↳ बरं भावांनो, आलो मी कट्ट्यावर!