‘आफ्टर यू’ कुणाला आवडलं का? आणि तिसरा भाग वाचावा का?

कलमाखालची (देवगड)

स्पॉयलर भरपूर आहेत. पहिला भाग वाचायचा असेल तर इथूनच मागे फिरा.

जोजो मोयेसचं ‘मी बिफोर यू’ (2012) मला मावसभावाने प्रेमकथा म्हणून आणून दिलं. मी ते वाचलं त्यातल्या अंथरुणाला खिळलेल्या नायकाच्या, विल ट्रेनरच्या खोलीसाठी. माझा धाकटा भाऊ एप्रिलात आंबे काढताना कलमावरून पडला. मानेचा मणका. गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. दंड हलायचे, बोटं नाहीत, छातीच्या खाली काहीच नाही. आमच्या भागात आंब्यावरून नाहीतर माडावरून पडलेला कुणीतरी ओळखीत असतोच, त्यामुळे लोकांना त्याचं फार नवल नव्हतं. मला नवल वाटलं ते ह्याचं की इंग्लंडातल्या एका लेखिकेला हे सगळं ठाऊक कसं. विलला मोटरसायकलने उडवलंय, त्याच्या शरीराला आता स्वतःची उष्णता सांभाळता येत नाही, साधा संसर्ग झाला तरी घर घाबरतं. बर्फाने रस्ते बंद होतात, त्याचा नर्स नेथन पोहोचू शकत नाही, विलला ताप चढतो आणि घरात त्याच्या सोबतीला ठेवलेली लू एकटी, तो प्रसंग आठवतोय ना? आमच्याकडे बर्फाच्या जागी जुलै. रस्त्यावर झाड आडवं आणि लाइट गेलेली. एअर बेडचा पंप विजेवर चालतो. लाइट गेली की गादी हळूहळू बसते, मग दर दोन तासांनी कूस बदलायची ती तासाला बदलावी लागते. हे कुठल्याच प्रेमकथेत नव्हतं. त्या पुस्तकात मात्र ह्याच्या जवळपासचं बरंच होतं.

काही वर्षांनी भाऊ न्युमोनियाने गेला. त्यानंतर मी ‘आफ्टर यू’ (2015) उघडलं. नावावरूनच वाटलं, हे आपल्यासाठी.

आणि काय, तर लूला सुरुवातीलाच लंडनमधल्या गच्चीवरून पाडलं! मग तिला उचलायला आलेला पॅरामेडिक सॅम. मग दारात सोळा वर्षांची लिली, विलची मुलगी, जी आहे हे विललाही माहीत नव्हतं. शेवटाकडे सॅमला गोळी लागते. दरवेळी वाटायचं की आता ही पोरगी जरा गप्प बसेल, तिला काय होतंय ते आपल्याला कळेल, की लगेच दुसरंच काहीतरी उभं राही. विमानतळावरच्या त्या आयरिश बारमधली नोकरी मला आवडली. सगळे कुठेतरी निघालेले आणि ही एकटी ग्लास पुसत उभी. तिथे लेखिका थांबली असती तर!

माझी तक्रार एवढीच आहे. लूने विलची दाढी केली, केस कापले, त्याला भरवलं. सहा महिने तिचा दिवस त्याच्या शरीराच्या वेळापत्रकावर चालला. तो गेल्यावर तिच्या हातांनी काय केलं? भाऊ गेल्यावर मी रात्री दोन वाजता उठायची. कूस बदलायला. तेरावं झालं, पाहुणे गेले, गादी एका गरजू माणसाला दिली, तरी दोनला जाग यायचीच. उठून चहा करायची आणि न पिता ओतून द्यायची, कारण चहा नको असायचा, हातांना काम हवं असायचं. ह्यावर अख्खी कादंबरी मागत नाही मी. एक पान?

मी एकटीच अशी आहे का? आणि तिसरा भाग, ‘स्टिल मी’, घ्यावा की नको?

मांडवी_जेट्टी

ताई, भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. तरी लूची बाजू घेतो.

लू पगारी होती, सहा महिन्यांच्या कराराने आलेली. कॅथेटर, औषधं, कूस बदलणं हे नेथन बघायचा. रात्री ती तिथे नसायची. त्यामुळे दोनला जाग येणं हे तिच्या वाट्याचं दुःखच नाही, ते तुमचं आहे. तिची अडचण वेगळी. ती विलची बायको नाही, नातेवाईक नाही. तिला भेटायला कोण येणार? आपल्याकडे निदान दहावं-तेरावं असतं, कुणी कुठे बसायचं ते ठरलेलं असतं. तिला पांढरं लुगडंही नाही आणि सुतकही नाही. म्हणून ती त्या शोकगटात जाऊन बसते, अनोळखी लोकांमध्ये. ती पानं मला पहिल्या भागाइतकीच आवडली, आणि विनोदीही आहेत.

फसलंय ते गोळीपाशी, तिथे तुमच्याशी सहमत. मोयेसने स्वतःच सांगितलंय की दुसरा भाग लिहायचा तिचा बेत नव्हता. चित्रपटाची पटकथा लिहिताना आणि ‘लूचं पुढे काय झालं’ असं विचारणारे वाचकांचे ढीगभर मेल वाचताना ती पात्रं डोक्यातून जाईनात. विचारणारे आपणच, मग काहीतरी घडवावं लागतंच की.

वेंगुर्ल्याची_मावशी

गो बाय, माका पयला वाचून आठ दिस जेवाण गोड लागाक नाय. दुसरा यष्टीत वाचूक घेतलंय नि कुडाळ येयपर्यंत पिशयेत टाकलंय. लूची आवस पायाचे केस काढूचे बंद करता नि बापूस रुसता, तां वाचून मात्र लय हसलंय. तेवढ्यासाठी पैशे वसूल.

फिजिओ_चिपळूण

कामामुळे मणक्याचे पेशंट रोज बघतो, म्हणून जरा वेगळं लिहितो.

मला दुसऱ्या भागातली खोट पहिल्यातूनच आलेली वाटते. 2016 मध्ये चित्रपट आला तेव्हा लंडनच्या प्रीमियरला अपंग कार्यकर्त्यांनी निदर्शनं केली होती. म्हणणं साधं होतं: व्हीलचेअरवरचा नायक, घरी पैसा, शेजारी प्रेम करणारी मुलगी, तरीही कथा त्याला स्वित्झर्लंडला इच्छामरणाच्या दवाखान्यात मरायला पाठवते, मग बघणाऱ्याने काय समजायचं? ‘आफ्टर यू’मध्ये हा प्रश्न पुन्हा काढायला हक्काची माणसं होती. आई कमिला होती, मुलगी लिली होती. लिलीने लूला एकदा तरी कॉलर धरून विचारायला हवं होतं की माझ्या बापाला तुम्ही जाऊ कसं दिलंत. दुःख आहे, अपराधीपणा आहे, पण विलच्या निर्णयाची उलटतपासणी व्हायला हवी तशी होत नाही. पुस्तक त्या दाराशी जातं आणि चपला घालून परत येतं.

ताई, चालणार असेल तर विचारतो, तुमच्या भावाला विल कसा वाटला असता?

कलमाखालची (देवगड)

फिजिओ दादा, असता कशाला, मी त्याला संध्याकाळी गोष्ट सांगायचीच. इंग्रजी वाचून मराठीत, मधली प्रेमाची पानं गाळून.

त्याला विलचा राग यायचा. म्हणाला, “एवढा मोठा वाडा, गाडी, नर्स, आणि हा मरायला विमानाने जातो? त्याला दोनशे कलमं दे म्हणावं, फवारणीच्या वेळी मरायला सवड मिळते का बघू.” तो स्वतः पडवीत खाटेवर पडून बाग चालवायचा. फोन कानाला मी धरायची आणि हा वाशीच्या दलालाशी पेटीमागे वाद घालायचा. कुठल्या कोपऱ्यात मोहोर करपलाय ते गड्याच्या आवाजावरून ओळखायचा. झेला (आंबे काढायची जाळीची काठी) नीट धरला नाही, देठ तुटला, फळावर चीक सांडला की खाटेवरून शिव्या. काही रात्री वेगळंही बोलायचा. ते इथे लिहीत नाही. पण तुम्ही म्हणता ती उलटतपासणी व्हायला हवी होती ती त्या रात्रींसाठी, दिवसाच्या शिव्यांसाठी नव्हे. विलची बाजू मला त्या रात्रींमुळेच समजली, आणि म्हणूनच पहिलं पुस्तक मी रागाने फेकलं नाही.

मांडवी, तुमचा मुद्दा बरोबर, लू रात्री नसायची. बरं, मग नेथनचं काय? त्याचे हात तर विलच्या अंगाला सर्वात जास्त लागलेले. त्याला दुसऱ्या भागात न्यूयॉर्कला नोकरी देऊन पाठवलं, तिथून तो लूसाठी काम शोधतो, झालं. त्याला रात्री झोप लागते का हे कुणी विचारलंच नाही. आमच्याकडे एक गडी होता, भावाला उचलून खुर्चीत बसवायचा. भाऊ गेल्यावर कितीतरी दिवस सकाळी त्याच वेळेला यायचा, पडवीच्या पायरीवर विडी ओढून निघून जायचा. दोघांनाही बोलायला काही नसायचं. मला नेथनचं असं एक प्रकरण द्या, सॅमची गोळी तुम्हाला ठेवा.

मावशी, पायाच्या केसांचा भाग मलाही आवडला. आईने तो ऐकून “बरा केला तिना” एवढंच म्हटलं आणि विळीवर बसली.

सागरेश्वर

दुःखावरच्या प्रेमकथेचा दुसरा भाग जमलेला बघायचा असेल तर सेसिलिया अहर्नचं ‘पोस्टस्क्रिप्ट’ (2019) वाचा. ‘पी. एस. आय लव्ह यू’ (2004) नंतर पंधरा वर्षांनी आलं. कथेत सात वर्षं गेलीत. हॉलीचं आयुष्य सावरलंय, नवा मित्र आहे, आणि तेवढ्यात मरणाच्या वाटेवरची काही माणसं तिला गाठतात: आम्हालाही तुझ्या नवऱ्यासारखी मागच्यांसाठी पत्रं ठेवायची आहेत, मदत कर. त्यात गिनिका नावाची कोवळ्या वयातली आई आहे, जिला लिहिता-वाचता येत नाही. हॉली तिला मुळाक्षरांपासून शिकवते, तान्ह्या मुलीला पत्र लिहिता यावं म्हणून. ताई म्हणतात ते हाताचं काम इथे आहे. पुस्तक मध्ये रेंगाळतं, शंभरेक पानं कमी चालली असती. पण गोळी नाही.

मांडवी_जेट्टी

नेथनचं मान्य. त्याच्यावर मीही विचार केला नव्हता.

‘स्टिल मी’ (2018) घ्या. पहिली निम्मी न्यूयॉर्कच्या श्रीमंतांची आहे, ॲग्नेस गोपनिक नावाच्या बाईची सोबत करायची नोकरी, ती भरभर उलटा. पुढे शेजारची मार्गोट डी विट येते. म्हातारी, फटकळ, जुन्या सुंदर कपड्यांनी भरलेलं घर आणि एक चिडका पग. लू तिच्याकडे राहते, तिचं हवं-नको बघते, कुत्र्याला फिरवते. तिच्या हातांना परत काम मिळतं आणि लेखिकाही जागेवर येते. तुम्हाला जे दुसऱ्यात हवं होतं ते उशिरा, तिसऱ्यात, भलत्याच म्हातारीच्या घरी सापडेल.

कलमाखालची (देवगड)

पग आहे म्हणता, मग मागवते. आधी ‘पोस्टस्क्रिप्ट’ की आधी हे, ते जे स्वस्त मिळेल त्यावर.

‘आफ्टर यू’ कुणाला हवं असेल तर कळवा, बाजाराच्या दिवशी देवगड स्टँडवर आणून देईन. परत नको. गच्चीच्या पानावर आमसुलाचा डाग आहे, तेवढा चालवून घ्या.