पावसात वर्गातल्या वर्गात हातापायांचा मेळ बसवायला काय घेता?

मी गुहागर तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी सांभाळते. अंगणात चिखल, चिऱ्यांवर शेवाळ, म्हणजे गणपती होईपर्यंत पोरं आतच. खिचडी खाल्ली की निम्मी पेंगतात, उरलेली एकमेकांच्या अंगावर. मधे तीन-चार मिनिटं उभं करते, पण 'शिवाजी म्हणतो' आणि उड्या यापुढे माझी गाडी जात नाही. उड्या घेतल्या की पलीकडे गुरुजींचे पाढे बुडतात, आणि नंतर पोरं बसायला तयार नसतात ते वेगळंच.

नुसती मरगळ घालवायची नाहीये. दुसरीतल्या काहींना उजव्या हाताने डावा गुडघा शिवायला सांगितलं तर उजवाच गुडघा वर येतो. एक मुलगी ओळ लिहिताना पानाच्या मध्यावर आली की पेन्सिल दुसऱ्या हातात घेते. जागा बस्करपट्ट्यांमधली, साहित्य शून्य. व्हिडिओच्या लिंका नकोत, रेंज नाही.

प्रतिसाद १
बाई, हाताने गुडघा शिवताना वेग कमी करा. घाईत पोरं कशीतरी उरकतात. सावकाश केलं की एका पायावर तोल धरावा लागतो, खरी कसरत तिथे. उजव्या मनगटाला आणि डाव्या गुडघ्याला एकाच रंगाची चिंधी बांधा, आधी बसून घ्या, मग उभं राहून. शेवट नेहमी संथ हालचालीने करा, पोरं आपोआप खाली बसतात. पेन्सिलवालीला टोकू नका. तिला हवेत आडवा आठ काढायला द्या, इंग्रजीतला बरं का, एकाच हाताने, मोठ्ठा. हात डावीकडून उजवीकडे न बदलता गेला पाहिजे.

प्रतिसाद २
तुमच्याकडे गणपतीतला जाखडी नाच असेलच की! तालमी बघून पोरांना पावलं येत असतात. पाय आपटायचा नाही, टाच-चवडा नुसता टेकवायचा, टाळी मांडीवर. दोन पावलं पुढे, दोन मागे, गिरकी शेवटी. आणि समुद्राकडच्या कुंपणातले गजगे, म्हणजे सागरगोटे, आणा. बसल्या जागी एका हाताने उडवून दुसऱ्याने झेलायचे.

धागाकर्ती
जाखडी उद्याच घेते. गजग्यांची मात्र धास्ती वाटते. पहिलीतलं एक पोर खडूसुद्धा तोंडात घालतं.

प्रतिसाद २
मग जुन्या साडीच्या चिंध्यांचा चेंडू करा, मुठीपेक्षा मोठा. पडला तरी आवाज नाही, गुरुजीही खूश.