पेनच्या ब्लँकमध्ये भोक तिरकं जातंय, बीट बदलू का चक?

शिसमवाला: मंडळी, घरी लाकूडकामाचा छोटा लेथ आहे, टेलस्टॉकला (सरकत्या बाजूला) एमटी २ टेपरचा, म्हणजे निमुळत्या दांड्याचा ड्रिल चक (बीट धरणारी पकड) लावून स्लिमलाइन म्हणजे बारीक पेनाच्या किटसाठी ब्लँक ड्रिल करतोय. शिसमचे १९ मिमी चौकोनी तुकडे, ७ मिमीचं बीट. सुरुवात मधोमध होते पण पलीकडे बीट निघतं ते दीड-दोन मिमी बाजूला, निघताना टवकाही उडतो आणि वर पितळी ट्यूब भोकात ढिली बसते. काय बदलू?

भुस्सा: थांबा, खर्च नंतर. हेडस्टॉकला (फिरणाऱ्या बाजूला) एक टोकदार सेंटर लावा, टेलस्टॉकला दुसरा, आणि टोकाला टोक भिडतंय का बघा, क्विल (टेलस्टॉकचा सरकणारा दांडा) आत असताना बघा आणि बाहेर काढून पण बघा. टेपरमध्ये भुस्सा अडकला असेल तरी चक तिरका बसतो, फडक्याने पुसून घ्या. आणि ७ चं बीट डायरेक्ट घालू नका हो, आधी सेंटर ड्रिल मारा, ते आखूड नि जाड असतं म्हणून वाकत नाही, लांब बीट मात्र कडक रेषेवर आलं की घसरतंच.

आयटीआय टर्नर: ब्लँक धरणारा चक कुठला? तीन जॉमध्ये (जबड्यांत) चौकोनी तुकडा धरत असाल तर विषयच संपला.

शिसमवाला: नाही नाही, चार जॉचा सेल्फ सेंटरिंग.

आयटीआय टर्नर: मग ब्लँकला कॅलिपर लावा. एक बाजू १९ आणि दुसरी १८ असेल तर दोनच जॉ पकडतात, बाकीचे दोन नुसते शोभेला, तुकडा डुलतो. दोन सेंटरमध्ये धरून आधी गोल करून घेतला आणि कोलेटमध्ये (गोल तुकडा चहूबाजूंनी आवळणारी पकड) धरला तर सगळ्यात बेस्ट. स्पीड ५०० च्या आसपास, दर सेंटिमीटरला बीट बाहेर काढून चिप्स झाडा, शिसम तेलकट असतं, फ्लूट (बीटच्या खाचा) भरले की बीट तापतं आणि भरकटतं.

रविवारचा सुतार: सगळं बरोबर, पण दीड-दोन मिमीचं एवढं टेन्शन का घेताय? ट्यूब चिकटवून ब्लँक मँड्रेलवर (ट्यूबमधून जाणाऱ्या दांड्यावर) चढवला की बाहेरचं लाकूड भोकाच्या हिशोबानेच गोल होणार, तयार पेन बराच बारीक, तुमच्याकडे १९ मिमी आहेत. पट्ट्या जोडून डिझाइन केलेला ब्लँक असेल तर भोक मधोमधच हवं, साध्या शिसमला चालतं. मला काळजी ढिल्या ट्यूबची वाटते, म्हणजे भोक ७ पेक्षा मोठं होतंय, बीट डुलतंय, आणि ते टेलस्टॉक नाहीतर चकच. टवक्याचं सोपं आहे, ब्लँक सेंटिमीटरभर जास्त ठेवा, आरपार जाऊच नका, नंतर ते टोक करवतीने कापून टाका.

शिसमवाला: कॅलिपर लावला, १९.१ आणि १८.२ 😅 टेलस्टॉकची टोकं मात्र भिडतायत. ॲक्रिलिकला पण हेच सगळं का?

भुस्सा: हेच, फक्त अजून सावकाश आणि बीट धारदार. तापलं की वितळून फ्लूटला चिकटतं, मग भोक मोठं तरी होतं नाहीतर ब्लँक तडकतो. मी मधेमधे साबणाचं पाणी मारतो, नंतर लेथचा बेड पुसायला विसरू नका, गंज येतो.