कठीण बालपण आणि मुलाचे वाढते वजन: संबंध नेमका कसा असतो?

पाऊलवाट

माझ्या बहिणीचा मुलगा गेले दीड वर्ष आमच्याकडे राहतो आहे. त्याला नुकतीच नऊ वर्षे पूर्ण झाली. त्याआधी त्याच्या घरी काय चालले होते हे सविस्तर लिहीत नाही. वडिलांचे दारूचे व्यसन, रोजची भांडणे, बहिणीचे दीर्घकाळचे नैराश्य आणि या सगळ्यात मुलाच्या जेवणाला ठरलेली वेळच नसणे, एवढे सांगितले तरी पुरे. आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. आता शाळेच्या आरोग्य तपासणीत त्याच्या कार्डावर 'वयाच्या मानाने वजन जास्त' असा शेरा आला आहे.

यावरून घरात दोन तट पडले आहेत. आई म्हणते, "पोर उपाशी राहिलंय, खाऊ दे त्याला." यजमानांचे म्हणणे असे, की हा लाडाचा परिणाम आहे आणि खाऊच्या कपाटाला कुलूप लावल्याशिवाय तो सुधारणार नाही. त्याच्या उशीखाली आणि दप्तराच्या तळाशी बिस्किटांचे पुडे सापडतात, जेवताना तो कोणी ताट ओढून घेईल अशा घाईने जेवतो, आणि पोट भरले का असे विचारले तर त्याला ते सांगताच येत नाही.

पुढच्या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. त्याआधी मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. लहानपणी सोसलेल्या गोष्टींचा आणि वजनाचा संबंध खरोखर सिद्ध झालेला आहे, की ही केवळ आपली सहानुभूती बोलते? आणि संबंध असेल, तर तो कोणत्या वाटेने घडतो?

अर्धविराम

नमस्कार. मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात आकडेवारीचे काम करतो, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाबद्दलच लिहितो.

या विषयाची सुरुवातच एका लठ्ठपणाच्या दवाखान्यातून झाली. १९८०च्या दशकात अमेरिकेतील सॅन डिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी वजन कमी करण्याचा एक कार्यक्रम चालवत होते. ज्यांचे वजन उत्तम रीतीने उतरत होते तेच लोक कार्यक्रम मध्येच सोडून जात, याचे त्यांना कोडे पडले होते. त्यांच्याशी सविस्तर बोलल्यावर लक्षात आले, की त्यांच्यापैकी अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झालेले होते आणि काहींना आपले मोठे शरीर संरक्षणासारखे वाटत होते. डॉक्टर ज्याला आजार समजत होते, तो त्या माणसांनी स्वतःपुरता शोधलेला उपाय होता. पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासोबत त्यांनी मोठे सर्वेक्षण केले आणि त्याचा पहिला निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. बालपणातील प्रतिकूल अनुभवांचे (छळ, घरातले व्यसन किंवा मारहाण यांसारखे) चार किंवा अधिक प्रकार ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात तीव्र लठ्ठपणाचे गुणोत्तर असे कोणतेही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे १.६ पट आढळले.

आता या आकड्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. समजा, कोणतीही प्रतिकूलता नसलेल्या शंभर जणांपैकी दहा जण लठ्ठ आहेत, तर १.६ या गुणोत्तराने (हे गुणोत्तर लठ्ठ आणि लठ्ठ नसलेले यांच्या प्रमाणाचे असते, म्हणून थेट सोळा येत नाहीत) दुसऱ्या गटातील शंभरांपैकी साधारण पंधरा जण लठ्ठ असतील. म्हणजे फरक खरा आहे, पण पंच्याऐंशी जण लठ्ठ नाहीत, हेही तितकेच खरे आहे. २०१७ साली ३७ अभ्यास आणि अडीच लाखांहून अधिक माणसे यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यातही अतिरिक्त वजनाशी असलेला संबंध सौम्यच निघाला. मानसिक आजार, व्यसने आणि स्वतःला इजा करण्याची वृत्ती यांच्याशी असलेला संबंध त्याहून कितीतरी घट्ट होता. माझ्या मते या आकड्यांतून काही शिकायचे असेल तर ते हे, की अशा मुलाच्या बाबतीत वजनापेक्षा मनाकडे आधी पाहावे.

दुसरी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. २०१४ सालच्या एका आढाव्यात, ज्यात ४१ अभ्यास आणि सुमारे १ लाख ९० हजार व्यक्ती होत्या, बालपणी झालेली हेळसांड किंवा छळ आणि लठ्ठपणा यांचा संबंध प्रौढांमध्ये दिसला, मुलांमध्ये आणि किशोरवयीनांमध्ये मात्र तो ठळकपणे दिसला नाही. परिणाम असलाच तर तो सावकाश साचत जातो, असा याचा एक अर्थ लावता येतो. दुसरा अर्थ मोजमापाचा आहे: मोठ्यांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारून मिळालेली उत्तरे आणि बालपणीच नोंदवलेली माहिती यांचा मेळ फार कमी बसतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत तर या दोन पद्धतींनी निवडलेली माणसे बऱ्याच अंशी वेगवेगळीच निघाली. त्यामुळे 'त्याने सोसले म्हणून त्याचे वजन वाढले' हे विधान एकेका मुलाबद्दल ठामपणे करता येत नाही.

जुनी_वही

पाऊलवाट ताई, मी आकड्यांची माणूस नाही. आम्ही एका मुलीला ती सहा वर्षांची असताना दत्तक घेतले, आज ती कॉलेजात आहे. उशीखालच्या पुड्यांबद्दल वाचले आणि तो काळ डोळ्यांसमोर उभा राहिला.

आम्ही कुलूप लावले होते, हे आधीच कबूल करते. कुलूप लावल्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती शेजाऱ्यांच्या घरून खाऊ उचलून आणताना सापडली, आणि आम्ही तिला चोरी न करण्यावर भाषण दिले. त्या भाषणाची आठवण झाली की मला आजही अवघडल्यासारखे होते. पुढे आमच्या समुपदेशक बाईंनी समजावले, की ज्या मुलाला पुढचे जेवण येईल की नाही याचा भरवसा नव्हता, त्याच्या लेखी साठवणे हा शहाणपणा आहे. कुलूप दिसले की त्याला त्याची जुनी भीती खरी ठरल्यासारखी वाटते आणि तो आणखी साठवतो, आणखी घाईने खातो.

आम्ही मग तिच्या खोलीत तिच्या नावाची एक टोपली ठेवली, तिच्यात रोज सकाळी फळे आणि थोडा खाऊ आम्हीच भरायचो, आणि ती रिकामी झाली तरी कोणी काही बोलायचे नाही असा घरात नियम केला. पहिले काही आठवडे टोपली रोज दुपारपर्यंत रिकामी व्हायची, तेव्हा माझा धीर सुटत आला होता. हळूहळू खाऊ उरू लागला. पूर्ण भरवसा बसायला जवळजवळ दोन वर्षे गेली. जेवणाच्या वेळा मात्र घड्याळाप्रमाणे पाळल्या, कारण त्या बाईंचे सूत्र असे होते, की काय, कधी आणि कुठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे, आणि किती खायचे हे मुलाला ठरवू द्यावे. बोलायला सोपे आहे, पण समोर मूल तिसऱ्यांदा ताट पुढे करते तेव्हा गप्प बसणे फार कठीण जाते.

आपल्या आईंना आणि यजमानांना एवढेच सांगा, की 'खाऊ दे' आणि 'कुलूप लावा' या दोन्हींमध्ये त्याच्या भुकेबद्दलचा निर्णय दुसरे कोणीतरी घेत आहे.

पाऊलवाट

दोघांचेही मनापासून आभार. जुनी_वही ताई, आपले उत्तर यजमानांना वाचायला दिले. ते काही बोलले नाहीत, पण कुलपाचा विषय पुन्हा निघालेला नाही.

मला आणखी एक गोष्ट उलगडत नाही. खरी प्रतिकूलता त्या घरात होती, तेव्हा तो बारीक होता. आमच्याकडे तर निदान शांतता आहे. मग वजन नेमके इथे आल्यावर का वाढावे?

निरीक्षक_९

मी बालपोषणाच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम केले आहे. आपला हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अधिक मार्मिक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ताणामुळे वजन वाढतेच असे नाही. वाढ खुंटूही शकते. याचे एक विलक्षण उदाहरण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीतील आहे. तेथील दोन अनाथालयांतील मुलांची वजने ब्रिटिश आहारशास्त्रज्ञ एल्सी विडोसन १९४८ साली नियमितपणे मोजत होत्या. पहिले सहा महिने दोन्हीकडे सरकारी शिधाच होता. पुढचे सहा महिने एका अनाथालयाला जास्तीचा पाव, मुरंबा आणि संत्र्याचा रस द्यायचा आणि फरक पाहायचा, असा बेत होता. पण घडले उलटेच. ज्यांना जास्तीचे अन्न मिळत होते, त्याच मुलांची वजने कमी वाढली. खुलासा नंतर झाला: नेमक्या त्याच सुमारास दुसऱ्या अनाथालयातील एक अत्यंत कडक अधीक्षिका या अनाथालयात बदलून आली होती, आणि ती मुलांना बहुधा जेवणाच्या वेळीच सर्वांदेखत फैलावर घेत असे. तिने आपल्याबरोबर आणलेल्या आठ लाडक्या मुलांची वजने मात्र छान वाढली. विडोसन यांनी हे निरीक्षण १९५१ साली प्रसिद्ध केले. जेवणाच्या ताटाभोवतीचे वातावरण हेही पोषणाचाच भाग आहे, हे मी नव्या सहकाऱ्यांना याच उदाहरणाने सांगत आलो आहे.

आपल्या भाच्याच्या बाबतीत तीन-चार गोष्टी एकत्र घडत असाव्यात. पहिली म्हणजे भरपाईची वाढ. दीर्घकाळ कमी पोषण मिळालेल्या मुलाला पुरेसे अन्न मिळू लागले की शरीर वेगाने तूट भरून काढते आणि त्यात चरबी बहुधा स्नायूंपेक्षा लवकर भरते. ही वाढ स्वतःहून मंदावते का, हे पाहण्यासाठी एका शेऱ्यापेक्षा दर तीन महिन्यांनी उंची आणि वजन यांची नोंद अधिक उपयोगी पडते. उंचीही वाढत असेल तर चित्र वेगळे, आणि उंची थबकून केवळ वजन वाढत असेल तर वेगळे. दुसऱ्या परिस्थितीत थायरॉइड आणि इतर संप्रेरकांच्या तपासण्या डॉक्टर सांगू शकतात.

दुसरी गोष्ट कॉर्टिसॉलची. सतत धोक्याच्या छायेत राहिलेल्या मुलाच्या मेंदूतील ताणाची यंत्रणा वातावरण बदलल्याबरोबर पूर्ववत होत नाही. कॉर्टिसॉल हे संप्रेरक दीर्घकाळ चढे राहिले तर गोड आणि तेलकट पदार्थांची ओढ वाढते आणि चरबी पोटाच्या भागात साठण्याकडे कल होतो. काही मुलांमध्ये मात्र ताण फार लांबला की ही यंत्रणा उलट मंद प्रतिसाद देऊ लागते, त्यामुळे एका तपासणीतून त्याचे 'मोजमाप' होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

तिसरी गोष्ट झोप, आणि माझ्या अनुभवात हिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप हवी. भांडणांच्या घरात वाढलेली मुले रात्री जागी राहून कानोसा घ्यायला शिकतात, आणि ही सवय शांत घरातही टिकते. झोप कमी झाली की भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते, तृप्ती कळवणारे लेप्टिन कमी होते. तो रात्री किती वाजता खरोखर झोपतो आणि मध्ये उठतो का, हे आठवडाभर लिहून डॉक्टरांकडे न्या. त्याला झोपेसाठी किंवा वर्तनासाठी एखादे औषध पूर्वी सुरू केले असेल तर तेही सांगा, कारण रिस्पेरिडोन, व्हॅल्प्रोएट यांसारख्या काही औषधांनी भूक आणि वजन दोन्ही वाढतात.

शेऱ्याबद्दल थोडे. पाच ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००७ चे वाढीचे तक्ते वापरतात. त्यानुसार नऊ वर्षांच्या मुलाचा बीएमआय सुमारे १८ च्या पुढे गेला तर वजन जास्त, आणि सुमारे २०.५ च्या पुढे गेला तर लठ्ठपणा धरतात. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. तो १८ च्या जरा पुढे आहे की २२ आहे, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. दीर्घकाळ कुपोषित राहून मग वेगाने वाढलेली काही मुले लवकर वयात येतात. मुलग्यामध्ये नऊ वर्षांच्या आत तशी चिन्हे दिसू लागली असतील, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

तिसरा_बाक

वरची उत्तरे उत्तमच आहेत, पण एका गोष्टीची मला काळजी वाटते. 'कौटुंबिक परिस्थिती' या शब्दात आपण आईवडिलांचा दोष फार चटकन भरतो. वजनातील फरकांमागे आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, जुळ्यांच्या अभ्यासांत तो साधारण ४० ते ७० टक्के येतो. पैसा आला की सगळे सुधारते असेही नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात चेरोकी या मूलनिवासी समाजाच्या कुटुंबांना १९९०च्या दशकात समाजाच्या कॅसिनोच्या (जुगारगृहाच्या) नफ्यातून नियमित रक्कम मिळू लागली, तेव्हा संशोधकांना असे आढळले, की सुरुवातीला सर्वांत गरीब असलेल्या घरांतील मुलांचा बीएमआय पुढे तरुणपणी बऱ्या स्थितीतल्या घरांतील मुलांच्या तुलनेत अधिक वाढला. तीच मुले इतर बाबतींत सुधारली होती, हेही त्याच अभ्यासमालेत दिसले. म्हणजे मुलाचे आयुष्य सावरत असताना वजन वाढू शकते, आणि पाऊलवाट यांच्या घरी कदाचित तेच चालले आहे.

भाच्याच्या आईला हा शेरा कोण आणि कसा सांगणार, याचाही विचार व्हावा. नैराश्यातून बाहेर येऊ पाहणाऱ्या बाईला 'तुझ्यामुळे' असे ऐकू गेले तर त्याचा उपयोग कोणालाच नाही.

पाऊलवाट

आज घरीच मोजले. उंची १३१ सेंटिमीटर, वजन ३३ किलो, म्हणजे बीएमआय १९ च्या थोडा पुढे. मागच्या वर्षी शाळेने नोंदवलेली उंची १२४ होती, म्हणजे उंची चांगली वाढते आहे. झोपेची वही कालपासून सुरू केली. पहिल्याच रात्री तो पावणेबारापर्यंत जागा होता, आणि आम्ही समजत होतो साडेनऊला झोपतो.

एक शेवटचे विचारते. वजन मोजताना त्याने विचारले, "मावशी, मी जाड झालो म्हणून मला परत पाठवणार का?" मी नाही म्हणाले, जवळ घेतले, पण त्याचा विश्वास बसला असे वाटले नाही.

जुनी_वही

ताई, त्याचा विश्वास एका उत्तराने बसणार नाही, हा प्रश्न तो आणखी पुष्कळदा वेगवेगळ्या शब्दांत विचारेल. दर वेळी उत्तर तेच आणि तितक्याच शांतपणे द्या. आणि घरातला वजनकाटा काही महिने माळ्यावर टाका, वजन डॉक्टरांकडेच होऊ द्या. त्या काट्यावर उभे राहणे ही आपली परीक्षा आहे, असे त्याला वाटते आहे.

निरीक्षक_९

काट्याबद्दल सहमत. एका वर्षात सात सेंटिमीटर उंची वाढली आहे, ही बातमी चांगली आहे. डॉक्टरांना तीच आधी सांगा. पावणेबाराचा तपशीलही सांगा.